घोंगडीची कुंची

त्या लाल स्वेटरच्या खिशात हात घातला आणि बोटांना काहीतरी कडक, चुरगळलेलं लागलं. मला वाटलं, चॉकलेटचा कागद असेल — परदेशातून आलेल्या कपड्यांच्या खिशात कधीमधी असलं काही सापडतं, असं बोर्डिंगातल्या मोठ्या मुली सांगत. मी ते बाहेर ओढलं. रुमाल होता. कुण्या एका काळी पांढरा असावा, कडेला निळ्या रेशमाची बारीक वेलबुट्टी. आणि मधोमध कुणाचा तरी शेंबूड वाळून त्याची पापडी झालेली. माझ्या नखाखाली ती पापडी मोडली … आज इतकी वर्षं लोटली, तरी जेवताना पापड मोडायची वेळ आली की माझी बोटं आपोआप आखडतात आणि घरातले विचारतात, काय झालं? काय सांगायचं त्यांना!

मला लहानपणापासून किळस फार. कुणी उष्ट्या तोंडानं लावलेला तांब्या, चहावर धरलेली साय, दुसऱ्यानं अंग पुसलेला ओला पंचा, चर्चमधल्या बाकावर आधीच्या माणसाची राहिलेली ऊब — या सगळ्यांनी माझ्या पोटात ढवळून येई. आई म्हणे, "हिला नाकच जास्तीचं दिलंय देवानं." आणि ते खरंच होतं. डोळे मिटून नुसत्या वासावरून कंपाउंडातलं कुठलं घर कुणाचं, हे मी सांगू शकले असते. असं नाक असलेल्या मुलीच्या नशिबी दर हिवाळ्याला परक्यांचे जुने कपडे यावेत, यापरती थट्टा कोणती!

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती. आम्ही शिरूरच्या मिशन कंपाउंडात, चिंचेच्या झाडाखालच्या दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही म्हणजे आई आणि मी. आई मुलींच्या बोर्डिंगात शिवण शिकवायची. वडील, ज्यांना मी दादा म्हणायची, दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये कामाला होते. ते तिथल्याच क्वार्टरमध्ये राहत आणि सुट्टी मिळाली की न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीनं, कोळशाच्या आणि वंगणाच्या वासासकट, घरी येत. तो वास मात्र मला कधी खुपला नाही, का ते ठाऊक नाही. बहुधा तो माणसाच्या अंगाचा नव्हता, इंजिनाचा होता, म्हणून असेल.

दिवाळी सरून घोडनदीवरून गार वारं सुटलं की मिशनमध्ये गाठोडी येत. जाड गोणपाटात आवळून बांधलेली, परदेशातल्या चर्चच्या मंडळ्यांनी आमच्यासारख्यांसाठी प्रेमानं जमवलेली. चर्चच्या मागच्या गोदामात ती उसवली जात, आणि उसवल्याबरोबर पहिला भपकारा येई तो डांबराच्या गोळ्यांचा. तो एक वेळ परवडला. पण त्या वासाच्या खाली, जरा थांबलं की, दुसरे वास हळूहळू वर येत — खवट लोण्याचा, कुबट पावडरीचा, काखेत मुरलेल्या घामाचा, न पाहिलेल्या, न भेटलेल्या माणसांच्या माना-पाठींचा. कॉलरच्या आतल्या बाजूला काळपट पिवळी रेघ असे. एकदा तर एका कोटाच्या बटणाला लांबलचक पिवळाधमक केस गुंडाळलेला निघाला होता, आणि बाकीच्या मुली तो उजेडाकडे धरून सोन्याची तार बघावी तसा बघत होत्या. मी बाहेर जाऊन ओकले.

कपडे वाटून झाले की फोटो. हा आमच्याकडचा रिवाजच होता. नाताळच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी सगळ्यांनी आपापल्या वाट्याला आलेला परदेशी कपडा घालून चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहायचं, मिससाहेबांनी त्यांच्या पेटीसारख्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचा आणि तो आभारासोबत दात्यांना धाडायचा. मिससाहेब म्हणजे बोर्डिंगच्या प्रमुख — उंच, हाडकुळ्या, मनानं वाईट मुळीच नव्हत्या. पण त्या दिवशी त्या पुन्हा पुन्हा म्हणत, "मुलींनो, स्मित करा," आणि आम्ही दुसऱ्यांच्या घामात उभ्या राहून स्मित करत असू. मला त्या कपड्यांपेक्षाही त्या हसण्याची शिसारी जास्त होती.

त्या वर्षी माझ्या वाट्याला आला तो हा लाल स्वेटर. दिसायला झोकदार, पाठीमागे टोपी शिवलेली, ती डोक्यावरून पुढं ओढली की कान झाकले जात. टोपी मला आवडली, हे कबूल करायला हवं. पहाटे नळावर पाणी भरायला जाताना कानात वारं शिरून डोकं बधिर व्हायचं. असली टोपी असती तर किती बरं, असं वाटून मी तो स्वेटर हातात घेतला आणि खिशात हात घातला … पुढचं सांगून झालंच आहे.

आईनं तो रुमाल चिमट्यानं उचलून चुलीत टाकला. बाहेरून आलेला कुठलाही कपडा उकळल्याशिवाय अंगाला लावायचा नाही, हा आमच्या घरचा नेम होता आणि तो अर्थातच माझ्या नाकापायी पडलेला होता. अंगणात तीन दगडांवर पत्र्याचा डबा चढे, पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा पडे, आणि आई काठीनं त्या चादरी, ते झगे ढवळत बसे. वर करडा, तेलकट फेस धरे. तो ती नारळाच्या करवंटीनं काढून चिंचेच्या बुंध्याशी फेकी, आणि मी लांब उभी राहून तो परक्या अंगांचा मळ मातीत जिरताना बघत असे. पण लोकरीचे कपडे मात्र ती उकळत नसे. रिठ्याच्या कोमट पाण्यात नुसते दाबून काढायची आणि खाटेवर पसरायची. लाल स्वेटरही तिनं तसाच धुतला. वाळल्यावर मी तो हुंगला. रिठ्याच्या खाली, लोण्याच्या खाली, ज्या मुलीचा तो होता ती अजून त्यात होती.

"मी हा घालणार नाही," मी म्हटलं. "फोटोलासुद्धा नाही."

"फोटोला काय उघडी हुबी राहशील?" आई म्हणाली. ती मूळची पाटसकडची. चारचौघांत पुस्तकी मराठी बोलायची, पण घरात माहेरची बोली तिच्या तोंडात आपसूक येई.

"मी माझा शिवीन. नव्याकोऱ्या कापडाचा. असाच, टोपीवाला."

आई उठली, शिवणाच्या मशीनच्या खणातून एक पाकीट काढलं आणि माझ्यापुढं टाकलं. तेही गाठोड्यातूनच आलं होतं आणि शिवणाच्या वर्गासाठी म्हणून मिससाहेबांनी तिला दिलं होतं. आत सगळं इंग्रजी असल्यामुळं ते तसंच पडून होतं. पाकिटावर टोपीचा स्वेटर घातलेल्या मुलीचं चित्र होतं. आत पातळ, तपकिरी, कांद्याच्या सालीसारख्या कागदाचे घडी घातलेले, कापड बेतण्यासाठीचे तुकडे. उलगडताना ते इतके कुरकुरले की आम्ही दोघींनीही श्वास धरला. त्यावर बाण, ठिपके, तुटक रेघा. मी पहिल्यांदा हुंगून बघितलं — नुसता कागदाचा वास. कुणीही न हाताळलेला, न घातलेला, कोरा! त्या कागदावर माझा जीवच जडला.

आईनं ते तुकडे जमिनीवर पसरले आणि उडू नयेत म्हणून एकावर कात्री, एकावर वरवंटा, एकावर तांब्या ठेवला. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण कापड कुठून वळतं हे तिला कळत होतं. "ही पाठ. ह्यो हात. ह्यो बी हात …" एक तुकडा मात्र तिला उमगेना. अर्ध्या भाकरीसारखा, एका बाजूला पोट आलेला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, स्वतःच्या डोक्याला लावून पाहिला, आणि एकदम हसत सुटली.

"आगं, ही तर कुंची हाय! मोठ्या मान्साची कुंची!"

कुंची म्हणजे तान्ह्या पोराच्या डोक्यावर घालून पाठीवर सोडायचं ते बाळंतविड्यातलं टोपरं. आईनं कंपाउंडातल्या कितीतरी बाळांना ती शिवून दिली होती. चित्रातल्या त्या झोकदार मुलीच्या डोक्यावर कुंचीच होती, हे एकदा कळल्यावर दोघींचीही भीड चेपली.

राहिला प्रश्न कापडाचा. शिरूरच्या बाजारात लोकरीचं नवं कापड कुठून मिळणार? दादा त्या आठवड्यात आले होते, त्यांना मी सगळं सांगितलं. ते मला घेऊन दौंडला गेले. दौंडचा बाजार त्या दिवशी भरला होता — भीमेकडून येणारा वारा, शंटिंगच्या इंजिनांचा धूर, गुळाच्या ढेपांवर घोंगावणाऱ्या माश्या, आणि एका कडेला घोंगड्यांची थप्पी लावून बसलेला म्हातारा. दादा त्याला आप्पा म्हणत. घोंगडी दोन अरुंद पट्ट्या शिवून जोडलेली असते. दादांनी न जोडलेली एकच पट्टी मागितली.

"एकच?" आप्पा डोळे बारीक करून म्हणाले. "एका पट्टीचं काय करनार वो, मिस्त्री?"

"पोरीला स्वेटर शिवायचा आहे."

"म्हंजी कातरनार?" त्यांनी थप्पीवर हात ठेवला. "न्हाई, न्हाई. घोंगडीला कातर लावत न्हाईत. देवाचं आसन हाय ते."

दादांनी समजूत घातली, मी रडवेली झाले, आणि शेवटी आप्पांनी थप्पीच्या तळातून जोड बिघडलेली एक काळी पट्टी ओढून काढली. "ही घ्या. हिला जोडीदारीन न्हाई. पर माज्यासमोर कातरू नगा." मी ती हातात घेतली आणि माझं नाक आक्रसलं. मेंढराची लेंडी, मेंढराचं मूत, मेंढराच्या अंगाचं तूप, आणि त्यावर चिंचोक्याच्या खळीचा आंबूस दर्प — घोंगडी ताठ राहावी म्हणून तिला चिंचोके शिजवून केलेली खळ चोपडतात. आप्पांनी माझं तोंड बघितलं.

"वास येतुय व्हय? आगं, वास हाय म्हनून तर ऊब हाय."

एसटीत ती पट्टी मी मांडीवर घेतली नाही, पायाशी ठेवली. वास घाण होता, पण तो जनावराचा होता. कुण्या माणसाचा नव्हता. या एका गोष्टीवर मी मनाची समजूत घातली. नवीकोरी होती आणि ती माझी होती.

शिवण मी केलं. आई फक्त बघायची आणि मध्ये मध्ये बोट दाखवायची. घोंगडीवर मशीन चालेना. एक सुई मोडल्यावर आईनं मशीनला झाकण घातलं आणि माझ्या हातात दाभण दिलं. खडूनं रेघा मारून, भरपूर माया ठेवून तुकडे कातरले, तर कातरल्याबरोबर कडांचे धागे सुटायला लागले. मग प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी काजाचा टाका. शाळा सुटल्यावर उंबऱ्यात बसून मी टाके घालत असे. दाभण बोटांत शिरायचं, खळीची पूड नखांत बसायची, आणि तळहाताला मेंढराचं तूप लागून तो हात किती धुतला तरी जेवताना घासाबरोबर मेंढरू तोंडाशी यायचं. येणारी-जाणारी बोर्डिंगातली एकेक मुलगी थांबून विचारी, "रत्ने, हे काय गं?" आणि मी सांगितलं की नाक दाबून पळत सुटे. एकीनं तर चालच लावली — "एवढी मोठी घोडी, कुंची घालते थोडी!" मी मान वर केली नाही. फोटोच्या दिवशी तुम्ही सगळ्या कुणाच्या तरी घामात उभ्या असाल, मी मनात म्हणे, आणि मी माझ्या स्वतःच्या स्वेटरात.

तो शिवून झाला तेव्हा, खरं सांगते, देखणा वगैरे काही दिसत नव्हता. काळाकुट्ट, खळीनं ताठ, बाह्या अंगापासून सुटून उभ्या राहिलेल्या, आणि मानेला तर असा टोचायचा की कुणी खराटा फिरवावा. पण टोपी! टोपी डोक्यावर घेतली की घोडनदीचं वारं बाहेरच राहायचं. आईनं मला वळवून, फिरवून बघितलं आणि म्हणाली, "बसला गं बाई." तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

फोटोच्या आदल्या दिवशी सकाळी मी खुंटीवरून स्वेटर काढला, अंगात घातला, टोपी वर ओढली, आणि माझ्या केसांत काहीतरी सरसरलं. मानेवरून, कानामागून, वेणीच्या पेडांत. मी किंचाळून टोपी मागं झटकली तेव्हा तांबूस, लठ्ठ झुरळ माझ्या खांद्यावर पडलं आणि मिशा हलवत तिथंच बसलं. टोपी उलटी करून पाहिली तर शिवणीच्या दुमडीत आणखी चार-पाच. ती खळ खात होती! माझ्या टाक्यांच्या आत, माझ्या डोक्याच्या जागी, त्यांनी बारीक काळी घाण करून ठेवली होती.

आई वर्गावर गेली होती. मी दुसरा विचारच केला नाही. अंगणात डबा चढवला, सोडा टाकला, खाली जाळ घातला. आई लोकर उकळत नाही हे मला ठाऊक होतं; पण ती विलायती लोकर, नाजूक, गोऱ्या मुलींची. ही तर आमच्या माळावरच्या मेंढरांची, पावसात भिजणारी, चिखलात अंथरली जाणारी घोंगडी. हिला काय होणार? आणि घरचा नेमच होता — किळस आली की उकळायचं.

पाणी खदखदायला लागलं आणि खळ सुटली. आधी धाग्यांसारखी, मग लोळेच्या लोळे, पांढरट, बुळबुळीत, काठीला चिकटून लोंबणारी … तो शेंबूडच होता. माझ्या नव्याकोऱ्या, कुणी न वापरलेल्या स्वेटरातून डबाभर शेंबूड निघत होता, त्यात झुरळांचे पाय तरंगत होते, आणि ओल्या, शिजणाऱ्या मेंढराचा असा दर्प सुटला की कंपाउंडातल्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. मी पदरासारखी ओढणी नाकाला लावून ढवळत राहिले. स्वच्छ होतंय, मला वाटत होतं. आता खरं स्वच्छ होतंय.

काठीनं उचलून तो बाहेर काढला तेव्हा आधी वाटलं, अर्धा डब्यातच राहिला. पण डब्यात काहीच नव्हतं. वीण गोळा होऊन कापडाचा जाड, घट्ट गठ्ठा झाला होता. बाह्या आखडून कोपरापर्यंत आल्या होत्या. आणि टोपी एवढीशी! मी ती ओलीच डोक्यावर ओढायला गेले. ती कपाळावरच अडली.

आई आली तेव्हा मी अंगणात बसून त्या गठ्ठ्यावर पाय देऊन दोन्ही हातांनी बाही ताणत होते. तिनं डबा बघितला, पाणी बघितलं, माझं तोंड बघितलं. मला वाटलं, आता मार बसणार. तिनं तो हातात घेतला आणि गच्च पिळला. दुसऱ्या टोकाला मला धरायला लावून आम्ही दोघींनी तो ताणला, पण लांबीत बोटभरही फरक पडला नाही.

"आता तोच घालावा लागणार," मी म्हटलं. लाल स्वेटर. त्या मुलीचं लोणी, त्या मुलीचा रुमाल. आणि वर स्मित. मला हुंदकाच आला. "आई, मला नाही गं घालवत तो. खरंच नाही घालवत."

आईनं ओला गठ्ठा चुलीमागच्या दांडीवर वाळत टाकला. मग ती म्हणाली, "नगं घालू."

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी अशी होती की चर्चच्या पायऱ्यांचा दगड पायाला चावत होता. मुली ओळीनं उभ्या राहिल्या. रंगीबेरंगी कोट, लेसचे झगे, कुणाला मोठे, कुणाला आखूड, आणि सगळ्यांवर तो एकच वास. मी माझ्या खाकी-पांढऱ्या शाळेच्या फ्रॉकमध्ये, उघड्या हातांनी, अंगावर काटा आलेली. आणि मागून आई आली. तिनं तो घातला होता.

माझी आई अगदीच बुटकी. मी तेराव्या वर्षीच तिला डोक्यानं मागं टाकलं होतं, दादांच्या उंचीवर गेले होते. ज्या बाह्या मला कोपरापर्यंत येत होत्या त्या तिला कोपराच्या पुढं चार-पाच बोटं येत होत्या. अंग नेमकं बसलं होतं. आणि ती एवढीशी टोपी तिच्या लहानशा अंबाड्यावरून खाली, कानांवर, अशी बसली होती की जणू तिच्याच मापाचा कागद तिकडून आला होता. दर वर्षी ती फोटोला तिकडून आलेला करडा कोट घालायची. त्या दिवशी काळी कुंची घालून, बाळासारखं तोंड तेवढं बाहेर ठेवून, ती पायऱ्यांकडं चालत आली आणि तिच्या आधी तिचा वास आला.

मुली खिदळल्या. मिससाहेब कॅमेऱ्यामागून बाहेर आल्या. त्यांचं मराठी शुद्ध होतं, प्रार्थनेच्या पुस्तकातलं.

"सगुणाबाई, हे आपण काय परिधान केले आहे? आपला कोट कोठे आहे?"

"कोट घरी हाय, मिससाहेब," आई म्हणाली. त्या दिवशी चारचौघांतही तिनं आपली बोली सोडली नाही.

"आजच्या दिवशी हे नको. दात्यांना आनंद व्हावा म्हणून आपण हा फोटो काढतो. आणि रत्ना … तुझा लाल स्वेटर?"

माझे दात वाजत होते. मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली.

"तिला उकडतंय."

मिससाहेबांनी माझ्या निळ्या पडलेल्या ओठांकडं बघितलं, मग आईकडं. कुणी हसलं नाही. "मग आपण निदान मागच्या ओळीत उभ्या राहा," त्या हळूच म्हणाल्या.

"मागं मी दिसायची न्हाई," आई म्हणाली. "तुम्ही मला शिवाण शिकवाय ठेवलं, मिससाहेब. माज्या पोरीनं शिवलेलं हाय हे. तिकडच्या लोकांस्नी बी बघू द्या की." आणि ती सरळ पुढं येऊन सगळ्यांत खालच्या पायरीवर, मधोमध, मांडी घालून बसली. मी तिच्या मागं उभी होते. वारं नदीकडून येत होतं आणि तिच्या अंगावरून माझ्या तोंडावर आदळत होतं — ओलं मेंढरू, सोडा, जळकी खळ. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मिससाहेबांनी काळ्या फडक्याखाली डोकं घातलं, आणि त्या वर्षी "स्मित करा" म्हणायला त्या विसरल्या.

तो फोटो तिकडं गेला की नाही, कोण जाणे. आमच्यापर्यंत त्याची प्रत आली नाही. पुढच्या हिवाळ्यात गाठोडी आली, पण माझ्या नावाचं त्यात काही काढलं गेलं नाही आणि त्याबद्दल कुणी काही बोललंही नाही. लाल स्वेटर दुसऱ्या एका मुलीनं कितीतरी वर्षं हौसेनं वापरला.

आईनं मात्र ती कुंची — त्या स्वेटरला आता घरात सगळे कुंचीच म्हणत — अंगावेगळी केली नाही. पहाटे पाणी भरताना, चुलीपुढं, मशीनवर, दादा रिटायर झाल्यावर दौंडला बांधलेल्या घराच्या ओट्यावर — थंडी पडली की तिच्या डोक्यावर ती काळी टोपी. "हिला आता पाणी दावायचं न्हाई," असं तिनं ठरवूनच टाकलं होतं, आणि तिनं तिला खरोखर कधी पाणी दाखवलं नाही. तिच्यात चुलीचा धूर मुरला, मशीनचं तेल मुरलं, लसूण, घासलेट, खोबरेल, बाम, दौंडच्या कोळशाची बुकणी, आणि वर्षानुवर्षांचा तिचा घाम. मी लग्न होऊन पुण्याला गेले होते, सुट्टीला आले की दारातच तो वास यायचा आणि मी ओरडायची, "आई, टाक ते! उकिरड्यावर टाक!" मी तिला नवे स्वेटर नेले, मऊ, फिकट रंगांचे. ते तिनं डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवले. ती मला कुंची घालूनच जवळ घ्यायला यायची आणि मी श्वास रोखून धरायची.

ती गेली तेव्हा ट्रंकेतले स्वेटर नातेवाइकांनी वाटून घेतले. खुंटीवरच्या कुंचीला कुणी हात लावला नाही. एका वहिनींनी तर काठीनं ती खाली पाडली. मीच उचलली, दोन बोटांच्या चिमटीत, जन्मभराच्या सवयीनं. पुण्याला आणली आणि त्याच सवयीनं गॅसवर पातेलं चढवलं, पाण्यात सोडा टाकला. पाणी उकळायला लागलं. मी ती बुडवायला गेले आणि वाफेबरोबर तो वास एकदम वर आला … पाणी आटून पातेलं करपेपर्यंत मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होते, टोपीत तोंड खुपसून.

ती टोपी माझ्या डोक्यात आजही जात नाही. चेहरा मात्र तिच्यात बरोबर मावतो. कितीतरी वर्षं मी ती कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, फार उघडायची नाही असं स्वतःला बजावत राहिले, आणि तरी उघडत राहिले. दर वेळी थोडी थोडी आई कमी होत गेली — आधी लसूण गेला, मग धूर, मग दौंडचा कोळसा. खोबरेल सगळ्यांत शेवटी गेलं. परवा थंडी पडली म्हणून डबा काढला आणि टोपीत तोंड घातलं. आई कुठंच नव्हती. मेंढरूसुद्धा नव्हतं. माझ्याच श्वासाचा, माझ्याच कपाळाच्या घामाचा, माझ्याच क्रीमचा वास येत होता, आणि मला त्याची इतकी किळस आली की मी डबा तसाच उघडा टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिले.